दहा वर्षांनंतरचा भाव

नणंदेचं कौतुक करणारी भावजय सहसा सापडत नाही, हे मला ठाऊक आहे. मीही लग्नानंतरची पहिली काही वर्षं माझ्या नणंदेशी कामापुरतंच बोलायचे. त्या म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारण्याचा आगाऊपणा मी एकदाच केला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूटपणे भांडी आवरायला गेले. आज एकोणीस वर्षं मी त्यांच्या दुकानाचं काउंटर सांभाळते आहे, आणि आता त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मीच आधी पदर खोचते.

दुकान म्हणजे चष्मेवाल्याच्या वरची एक लांबट खोली. जिना इतका अरुंद, की मोठा कीबोर्ड वर आणताना तो उभा करून, पोटाशी धरून, एकेक पायरी मोजत आणावा लागतो. वर आलं की भिंतीला लागून लोखंडी रॅक, त्यांवर सिंथेसायझर, ड्रम मशीन, आवाज साठवून पुन्हा वाजवणारे सॅम्पलर, काही बरे, काही उघडून ठेवलेले. खिडकीशी वन्संचं टेबल. त्यावर रबरी चटई, सोल्डरिंगचं सामान, स्क्रू ठेवायला औषधाच्या रिकाम्या डब्या. प्रत्येक डबीवर यंत्राचं नाव. एकाचा स्क्रू दुसऱ्याला लागला, तर त्या दिवशी आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही.

वन्सं आधी एका कारखान्यात होत्या. अकरा वर्षं त्यांनी सर्किट बोर्डांवर सोल्डरिंगचे टाके घातले. कारखाना बंद पडला तेव्हा त्या घरी बसून शेजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करायला लागल्या. माझा नवरा तेव्हा एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. त्याने एकदा दोन कीबोर्ड विकायला काढले. एक चार वर्षांचा, चकचकीत. दुसरा पंधरा वर्षांचा, कोपरे झिजलेला, एक बटण आत गेलेला. जुना दुप्पट भावाने गेला.

"खुळा होता घेणारा," नवरा खूश होऊन म्हणाला.

"तो खुळा असेल, तर असे खुळे किती आहेत ते मोजायला हवं," वन्सं म्हणाल्या.

नवरा हसला. वन्सं हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या थेट त्या घेणाऱ्या माणसाच्या घरी गेल्या आणि त्याला सरळ विचारलं, हाच का घेतलास? तो म्हणाला, मी शाळेत असताना हा एका दुकानाच्या काचेत होता, रोज जाता-येता बघायचो.

तिथून वन्संचा नाद सुरू झाला. जुन्या वाद्यांच्या जाहिराती त्या कापून ठेवायच्या. कोणतं यंत्र किती दिवस पडून राहिलं, कुणी घेतलं, घेणाऱ्याचं वय काय, सगळं लिहायच्या. आणि मग त्या पुढचं लिहायला लागल्या. हे यंत्र पाच वर्षांनी निम्म्यावर येईल. हे सात वर्षांनी तिप्पट. खाली कारण. मुदत भरली, की त्या पान काढून ताडून बघायच्या. चुकलं असेल तर लाल पेन्सिलीने रेघ, आणि का चुकलं ते पुन्हा खाली. त्यांची पहिली वही उघडलीत, तर पानांना गोवर उठल्यासारखा वाटेल. तिसऱ्या वहीपासून अंग साफ दिसायला लागतं.

वाजवणाऱ्या लोकांनी त्यांचं नाव 'वेधशाळा' ठेवलं. आधी चेष्टेने. पुढे तेच लोक जिना चढून येऊन हळूच विचारायला लागले, "ताई, हे आता विकू की ठेवू?"

वन्सं यंत्राला आधी पालथं घालायच्या. माणूस बोलत असायचा, ह्याचा आवाज असा, ह्याच्यावर अमक्याने वाजवलंय. वन्सं स्क्रू काढत असायच्या. आतल्या चिप बाजारात मिळणाऱ्या आहेत, की फक्त ह्याच यंत्रासाठी केलेल्या? पोटातली बॅटरी पाझरली आहे का? वरचा रबरी मुलामा चिकट होणार का? आणि सगळं बघून झालं, की त्या एकच विचारायच्या: "हे नवीन आलं तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता?"

"पंधराव्या वर्षी परवडलं नाही, ते माणूस चाळिशीत घेतो," त्या मला म्हणायच्या. "मी यंत्राचं वय बघत नाही. बघत राहिलेल्यांचं वय बघते."

त्यांचा एक नियम होता. ज्या यंत्राचा पुढचा भाव सांगितला, ते त्या कधी विकत घ्यायच्या नाहीत, आणि विकून देण्यात मध्यस्थीही करायच्या नाहीत. बघण्याची ठरावीक फी घ्यायची, दुरुस्ती असेल तर दुरुस्तीचे घ्यायचे, संपलं. मला सुरुवातीला हे शुद्ध वेडेपण वाटायचं. पुढे काय महाग होणार हे कळतं, आणि ही बाई एकही यंत्र घेऊन ठेवत नाही! मी एकदा बोलून दाखवलं.

"मी घ्यायला लागले," त्या म्हणाल्या, "की मला भाव दिसायचे बंद होतील. मला पाहिजे तेच दिसायला लागेल."

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगते आहे, ती बारा वर्षांपूर्वी सुरू झाली. एका रेकॉर्डिंग स्टुडिओचे मालक वारले होते. त्यांची बायको तीन मुलांना घेऊन आमचा जिना चढून आली. थोरली मुलगी शाळेत शिक्षिका. मधला मुलगा मालवाहू ट्रकचा धंदा करणारा. धाकटी नर्सिंग शिकत होती. घर, सामान, सगळ्याच्या वाटण्या नीट झाल्या होत्या. यंत्रांवर येऊन गाडं अडलं होतं.

"ह्यांनी मला सांगितलं होतं," आई म्हणाल्या, "दहा वर्षं ही विकू नका, मग पोरांच्या कामाला येतील. मला तीन वाटे करून द्या. पण आज सारखे नकोत. दहा वर्षांनी सारखे व्हायला हवेत."

मी वन्संच्या तोंडाकडे बघितलं. एका यंत्राचा अंदाज सांगणं वेगळं. इथे तीन भावंडांमध्ये आयुष्यभराची अढी बसू शकत होती.

"मी काही देव नाही," वन्सं म्हणाल्या.

"देवाला सर्किट कळत नाही," आई म्हणाल्या. "तुम्हाला कळतं असं ऐकलं."

वन्संनी तीन आठवडे मागून घेतले. स्टुडिओत सात यंत्रं होती. लाकडी बाजूंचा एक भलाथोरला सिंथेसायझर, उचलायला दोन माणसं लागणारा. दोन छोटे चंदेरी सिंथेसायझर, एकाच जातीचे, जुळ्या बहिणींसारखे. फ्लॉपीवर चालणारा एक सॅम्पलर. एक करडं ड्रम मशीन. मागच्याच वर्षी घेतलेलं एक पांढरंशुभ्र यंत्र, सगळ्यांत महाग. आणि पोरांना खेळायला म्हणून घेतलेला एक प्लास्टिकचा चिमुकला कीबोर्ड, त्यातच स्पीकर असलेला.

वन्संनी सातही उघडली. पाझरायला लागलेल्या बॅटऱ्या काढून टाकल्या. लाकडी सिंथेसायझरच्या दोन चिप मेलेल्या निघाल्या. त्या कुणीच बनवत नव्हतं. दूरच्या एका दुरुस्तीवाल्याशी नऊ ई-मेल झाले, तेव्हा त्याने दोन पाठवल्या. मग एका सकाळी चौघांना बोलावलं आणि वाटे सांगितले. पहिला, एकटा लाकडी. दुसरा, दोन्ही चंदेरी. तिसरा, सॅम्पलर आणि ड्रम मशीन.

"आणि हे?" मधल्याने पांढऱ्या यंत्रावर हात ठेवला.

"ते आणि हा लहान कीबोर्ड मी धरलेच नाहीत. दहा वर्षांनी दोन्हींचा भाव शून्य."

"शून्य? ताई, बाबांनी मागच्या वर्षी घेतलंय हे! ह्याच्या किमतीत माझ्या ट्रकचे सगळे टायर आले असते."

"चालू करा बघू."

त्याने चालू केलं. पडद्यावर कंपनीचं नाव आलं, मग ते इंटरनेट शोधायला लागलं, मग पासवर्ड मागितला. तो दिल्यावर एक मिनिटाने ते वाजायला तयार झालं.

"हे रोज उठताना कंपनीला विचारतं, उठू का?" वन्सं म्हणाल्या. "कंपनी ज्या दिवशी उत्तर द्यायची थांबेल, त्या दिवसापासून हे उठणार नाही."

"मग शून्यच आहे तर मी घेतो," मधला म्हणाला. त्याला वाटलं, बाई फसल्या. कुणी हरकत घेतली नाही. लहान कीबोर्ड धाकटीने मागून घेतला, म्हणाली मी जमिनीवर बसून ह्याच्यावर पहिली धून वाजवली. आईंनी तीन चिठ्ठ्या लिहिल्या. थोरलीला लाकडी आला, मधल्याला चंदेरी जोडी, धाकटीला सॅम्पलर आणि ड्रम मशीन. वन्संनी नेहमीची फी घेतली आणि वहीत पान लिहिलं.

पहिली दोन वर्षं कुणी आलं नाही. तिसऱ्या वर्षी एका कंपनीने लाकडी सिंथेसायझरची हुबेहूब नक्कल बाजारात आणली. आकाराने निम्मी, किमतीने दहावा हिस्सा. सहा महिन्यांत जुन्याचा भाव एक तृतीयांश खाली आला. थोरली मुलगी शाळेतून थेट दुकानात आली. पिशवीत तपासायच्या वह्या तशाच.

"विकून टाकू का? तुम्ही काहीही सांगितलंत तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. पण माझ्या धाकट्या भावाच्या जोडीचं तर चढतंच आहे."

"नक्कल घेणारे आता किती जण आहेत?" वन्सं म्हणाल्या. "हजारो. ह्याआधी ह्या यंत्राचं नाव किती जणांना माहीत होतं? ते सगळे नक्कल वाजवतील आणि दोन वर्षांनी त्यांना वाटायला लागेल, खरं कसं असेल? ठेवा."

"नक्की?"

"नक्की नाही. माझा अंदाज आहे. पण मी असते तर ठेवलं असतं."

त्याच आठवड्यात जुन्या वाद्यांचा एक मोठा दलाल आला. माणूस गोड. खाली चष्मेवाल्याकडे थांबून सगळ्यांसाठी चहा सांगूनच वर आला होता. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून तो मुद्द्यावर आला. त्या शिक्षिका बाई तुमचं ऐकतात. त्यांना फक्त म्हणा, आता विका. मी घेतो, आणि पुढे जे चढेल त्यातला चौथा हिस्सा तुमचा.

"म्हणजे चढेल असं तुम्हालाही वाटतं तर," वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलंय म्हटल्यावर चढणारच की!"

वन्सं उठल्या, त्याचा चहाचा कप उचलला, अर्धा भरलेला होता तसाच बेसिनमध्ये ओतला आणि विसळून ठेवला. दलाल थोडा वेळ बसला, मग जिन्यावरून त्याच्या बुटांचा आवाज खाली गेला.

पण ती दोन वर्षं वाईट गेली. लाकडीचा भाव आणखी उतरला. वन्सं जेवताना ताटात बोट फिरवत बसायच्या. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली. दुकानात तीन-चार जण तरी बोलून गेले, "वेधशाळेचा पाऊस ह्या वेळी कुठे गेला?" वन्सं मान खाली घालून टाके घालत राहायच्या. मला वाटायचं, एकदा तरी ह्यांनी थोरलीला बोलावून सांगावं, चुकलं असेल माझं. त्यांनी बोलावलं नाही. कारण वहीतली कारणं त्या पुन्हा पुन्हा वाचत होत्या आणि त्यांना त्यात खोट सापडत नव्हती. पाचव्या वर्षाच्या शेवटी भाव थांबला. सहाव्यात वर सरकायला लागला, आणि मग मागे वळून बघायचं नाव नाही.

सहाव्याच वर्षी मधला मुलगा आला. धापा टाकत, चादरीत गुंडाळलेलं पांढरं यंत्र खांद्यावर. टेबलावर ठेवून म्हणाला, "उठत नाही."

कंपनीने ती सेवा बंद केली होती. यंत्र आपलं कंपनीचं नाव दाखवून तिथेच खिळलं होतं. मी मनात म्हटलं, आता वन्सं सुनावणार. मी असते तर सोडलं नसतं. वन्संनी विचारलं, "घरी कोण वाजवतं?"

"मुलगी. आठ वर्षांची आहे. रडून गोंधळ घातलाय."

वन्संनी ते ठेवून घेतलं. त्याच्या आतला आवाज काढणारा भाग कंपनीच्या कुलपात अडकला होता, तिथे काही चालणार नव्हतं. पण पट्ट्या उत्तम होत्या. चार महिने सवडीने बसून त्यांनी त्या पट्ट्यांना वेगळा छोटा बोर्ड जोडला आणि ते साध्या कॉम्प्युटरवर वाजेल असं केलं. मुलगा न्यायला आला तेव्हा त्याने पट्ट्यांवर हात फिरवला आणि मान खाली घालून म्हणाला, "त्या दिवशी मला वाटलं होतं, मी तुम्हाला फसवलं."

"मला कळलं होतं," वन्सं म्हणाल्या. "नेताना जिन्यात सांभाळा. वळणावर डावीकडे घ्या."

आता वन्संची जी चूक झाली, तीही सांगते. आठव्या वर्षी वन्सं जाहिराती चाळताना एकदम थांबल्या. तो प्लास्टिकचा चिमुकला कीबोर्ड, ज्याला त्यांनी शून्य धरलं होतं, एका चंदेरी सिंथेसायझरच्या भावाने गेला होता. त्यांना वाटलं, एखादा अपवाद असेल. पुढच्या महिन्यात आणखी तीन तसेच गेले. त्यांनी घेणारे शोधून फोन केले. सगळे पस्तीस-चाळिशीचे. सगळ्यांकडे लहानपणी तो होता आणि आयांनी भंगारात दिला होता.

"माझाच नियम," वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि मीच विसरले. काचेबाहेर उभे होते ते मी मोजले. जमिनीवर बसून खेळत होते ते मोजलेच नाहीत."

मी म्हटलं, "कुणाला कळलंय? आणि धाकटी तो विकणारही नाही."

"विकला नाही म्हणून किंमत नाही, असं थोडंच आहे?"

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन आईंच्या घरी गेल्या. तिन्ही मुलांना बोलावून घेतलं होतं. वन्संनी पिशवीतून लाल रेघ मारलेली वही काढली आणि उभ्यानेच सांगितलं, "तुम्ही मला वाटे सारखे करायला सांगितले होते. धाकटीचा वाटा मोठा झालाय. चूक माझी आहे." आणि आठ वर्षांपूर्वीची फी पाकिटातून आईंच्या पुढे ठेवली.

मधला हसायलाच लागला. "ताई, माझं शून्य तर बरोबर निघालं ना!"

थोरली म्हणाली, "अहो, तिच्याकडे खेळणं आहे, ते तिलाच शोभतं. आम्ही काय त्यावरून भांडणार आहोत?"

धाकटी तर गोंधळूनच गेली. ती आता एका हॉस्पिटलमध्ये मुलांच्या वॉर्डात काम करत होती आणि तो कीबोर्ड तिने तिथेच नेऊन ठेवला होता. म्हणाली, "त्याच्या दोन पट्ट्या रोज कुणीतरी चाटतं. त्याला कोण काय देणार?"

सगळे हसले. मला वाटलं, आई आता पाकीट परत सरकवणार. पण त्यांनी ते उचललं आणि मांडीवर ठेवलं.

"घेते," त्या म्हणाल्या. "नाही घेतलं, तर तुम्ही इथवर आलात त्याला काही अर्थ राहणार नाही."

वन्संचे खांदे एकदम सैल झाले. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसलं, की त्या खांदे किती घट्ट धरून वावरतात. परत येताना त्यांनी मला धाकटीच्या हॉस्पिटलवरून यायला लावलं, आणि आठवड्याभरात त्या चाटलेल्या पट्ट्या मोफत बदलून दिल्या. ते काम मात्र त्यांनी वहीत लिहिलं नाही.

दहावं वर्ष भरलं तेव्हा तिघांनी दोन महिन्यांच्या आत आपापली यंत्रं विकली. वेगवेगळ्या लोकांना, वेगवेगळ्या गावी. वन्सं त्यात कुठेच नव्हत्या. थोरलीने विकल्यावर फोन करून आकडा सांगितला, मग मधल्याने, मग धाकटीने. थोरलीचे शंभर धरले, तर मधल्याचे सत्त्याण्णव आणि धाकटीचे चौऱ्याण्णव आले, खेळणं सोडून. थोरलीने त्या पैशांवर एक वर्ष बिनपगारी रजा घेतली. वीस वर्षं तिला चित्रं काढायची होती. मधल्याने मुलीसाठी खरा, लाकडी पियानो घेतला. धाकटीचं मला नीट माहीत नाही. ती सांगत नाही आणि वन्सं विचारू देत नाहीत.

शेवटचा फोन आला त्या दिवशी वन्संनी तो शांतपणे ऐकला, "बरं झालं" म्हणाल्या आणि ठेवला. मग मला म्हणाल्या, "चल, जरा खाली जाऊन येऊ." चष्मेवाल्याच्या बाजूला एक बाक आहे, तिथे आम्ही दोघी बसलो. रस्त्यावरून शाळा सुटलेली मुलं चालली होती.

"तिसऱ्या वर्षी," त्या अचानक म्हणाल्या, "मी फार घाबरले होते. रोज सकाळी जिना चढताना वाटायचं, आज परत जावं आणि दुकान उघडूच नये."

"मग मला सांगितलं का नाहीत? मी तिथेच तर बसले होते."

"सांगून काय झालं असतं? तूही घाबरली असतीस. एवढ्याशा दुकानात एक घाबरलेलं माणूस पुरे होतं."

मला हसू आलं आणि रडूही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रुमाल पुढे केला आणि घड्याळ बघून उठल्या. साडेपाचला एक जण सॅम्पलर घेऊन येणार होता, आणि तो जिन्यात अडकू नये म्हणून कुणीतरी वर उभं राहायला हवं होतं.